दोन्ही हात

पाळकसाहेब फोनवर म्हणाले,
स्मरणाच्या उपासनेत तू दोन शब्द बोल,
तरुणांपुढं आदर्श ठेवायचाय.
मी हो म्हटलं,
आणि रात्रपाळीभर कागदावर एवढंच उतरलं:
शांतवनमामा मापाडी होते.

तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार,
पहाटे तीनला ट्रकांची फळकुटं धाडकन पडतात,
टरफलांत घोट्यापर्यंत पाय बुडतो,
तिथं त्यांचा काटा.
गोणी चढली की मामा एक पाऊल मागं सरायचे
आणि दोन्ही हात खांद्याएवढे वर,
पंजे उघडे,
कुणी पिस्तूल रोखल्यासारखे.
आकडा ठरेपर्यंत तसेच.
हमाल ओरडायचे, “मकासरे, सरेंडर!”
मामा हसायचे. हात खाली घेत नसत.

मी सतरा वर्षांचा, बारावीला गटांगळी खाल्लेला,
पावत्या फाडायला त्यांच्या हाताखाली.
तागडीचं वचन मला शाब्बाथ शाळेपासून पाठ,
त्यांनी ते माझ्यापुढं एकदाही म्हटलं नाही.
म्हणाले फक्त, “नऊ नीट काढ.
तुझा नऊ एकासारखा दिसतो.”

मग तो गुरुवार.
मामीचं ऑपरेशन अडलेलं,
उचल शेठकडूनच घ्यायची होती,
आणि शेठ म्हणाले, आज जरा सांभाळून घ्या.
तेरा गोण्या, ओतूरच्या एका बाईच्या.
मामांनी हात वर धरले नाहीत.
मी पाहिलं.
पावती फाडली, नऊ अगदी स्पष्ट काढला.
संध्याकाळी त्यांनी मला वडापाव घेऊन दिला,
स्वतः पाणी प्यायले.

रविवारी आमची मंडळी
नेरुळला शाळेच्या हॉलात भरायची तेव्हा.
पंच म्हणून भाकरीचं ताट मामांच्या हातात.
पहिल्या बाकापाशी थांबले.
वळले, ताट मेजावर परत ठेवलं.
“आज मला वाटता येणार नाही.
एका बाईचे सव्वीस किलो माझ्याकडं आहेत.”
पंख्याचा आवाज. कुणीतरी खोकलं.
मामीनं पदर तोंडाला लावला.
मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो,
त्या सव्विसात माझाही नऊ होता.

सोमवारी ते निघाले.
मला चल म्हणाले नाहीत.
चपला घातल्या आणि जाताना
दार उघडं ठेवलं, इतकंच.

कल्याणहून एसटी, माळशेजची वळणं,
मला दोनदा उलटी.
बाई गोठ्यात होती.
अठ्ठ्याहत्तर रुपये हातावर पडले तर
नोटा उजेडाला धरून बघितल्या तिनं,
मग तिकिटाचं विचारलं.
“आगं बया! म्हणजे चार आण्याची कोंबडी
आणि बारा आण्याचा मसाला!”
मामा म्हणाले, “मसाला माझा. कोंबडी तुमची.”
तिनं चहा दिला, शेळीच्या दुधाचा.
माफ केलं असं काही म्हणाली नाही.
पुढच्या खेपेला माल दुसऱ्या गाळ्यावर लावला.
मामा लांबून बघत होते. “बरोबर केलं,” म्हणाले.

शेठनं उचल दिली नाही.
ऑपरेशन झालं, उशिरा,
मंडळीत कुणी किती दिले ते मामीनं वहीत लिहून ठेवलं
आणि फेडत बसली सहा वर्षं.

आता मी महापेला, वजनकाट्यावर.
ट्रक चढतो, पडद्यावर आकडे थरथरतात.
पाळकसाहेब, आदर्श वगैरे मला बोलता यायचं नाही.
मीही बुटांकडं बघितलंय नंतर.
दोनदा. नाही, तीनदा.

नवीन लागलेली तेजल परवा विचारत होती,
सर, गाडी काट्यावर आली की
तुम्ही कीबोर्डवरून हात का उचलता?
म्हटलं, सवय.

आज चहा घेऊन आलो तर
काट्यावर चौदा चाकी उभी,
केबिनमध्ये तेजल एकटी,
एका हातानं मोबाइल कानाला लावलेला,
आईशी भांडण चाललेलं जोरात,
आणि दुसरा हात
वर.